सिनेमाहून येताना बोलायचं नाही

११ जानेवारी

तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि घरात ओरडून उपयोग नाही, म्हणून लिहिते आहे. शाळेतून दरवर्षी मिळणारी डायरी दरवर्षी रद्दीत जाते. यंदा कामी येईलसं दिसतं.

बाबांवर सिनेमा निघतो आहे. अगदी बाबांवर नाही म्हणे, 'त्यांच्या आयुष्यावर बेतलेला'. हॉटेलातल्या बँडमधला अ‍ॅकॉर्डियनवाला, नोटेशनचं एक अक्षर वाचता येत नाही, पण गाणं कानावर पडलं की वाजवतो. बाबांना सगळे 'एकपाठी' म्हणायचे. शुक्रवारी नवा सिनेमा लागला की त्यातलं गाणं रविवारी संध्याकाळी हॉटेलात वाजायचं. रेकॉर्ड बाजारात यायला मग महिना लागला तरी चालायचं. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी जुनी माणसं मला रस्त्यात थांबवून हे सांगतात. मी शाळेत पियानो शिकवते, घरी शिकवण्या घेते, आणि समोर कागद नसला तर मला साधी अंगाईसुद्धा वाजवता येत नाही. बाबांचा कान माझ्यात उतरला नाही. त्या बाबतीत मी आईवर गेले.

दिग्दर्शकाने मला सल्लागार नेमलं आहे. आज त्याने मुख्य प्रसंग वाचून दाखवला. हिरो थिएटरच्या दारात उभा राहून गाणं ऐकतो. एकदाच. डोळे मिटतो. वारा सुटतो. घरी येतो, अ‍ॅकॉर्डियन गळ्यात अडकवतो आणि मुखडा, अंतरा, मधलं संगीत, सगळं दोन्ही हातांनी धाडकन वाजवून मोकळा होतो.

मी विचारलं, "कुठे चुकत नाही तो?"

"जीनियस आहे ना, मॅडम."

"आणि वारा कशाला?"

"फील येतो."

मी कागद टेबलावर आपटले. पाण्याचा ग्लास कलंडला. दिग्दर्शक हसला. म्हणाला, मॅडममध्ये पॅशन आहे.

१४ जानेवारी

सिनेमातल्या कानाने वाजवणाऱ्या माणसांबद्दल एकदा मन मोकळं करून घेते.

ही माणसं कधी गुणगुणत नाहीत. पहिला सूर कधी शोधत नाहीत. बोट ठेवतील तिथे बरोबर सूर हजर. गाण्याची पट्टी त्यांना आपोआप कळते. डावा हात कधी अडखळत नाही. सूर वर जातो तेव्हा बोटं खाली जातात, आणि अ‍ॅकॉर्डियनचा भाता मिटलेला असतानाही आतून झकास आवाज येत असतो. आणि समोर नेहमी एक माणूस तोंडाचा आ करून बसलेला, ज्याला गाण्यातलं काही कळत नाही हे आपल्याला कळावं म्हणून.

खरं कसं असतं? खरं कंटाळवाणं असतं. बाबा आतल्या खोलीचं दार लावून घ्यायचे. मी आणि दादा बाहेर फरशीवर गृहपाठ करत बसायचो. आतून चार सूर यायचे. थांबायचे. परत तेच चार. त्यातला एक बदललेला. परत थांबायचे. मुखडा चटकन उभा राहायचा, पण अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीशी गाडी अडायची ती अडायचीच. आणि या सगळ्याच्या मध्ये मध्ये आईची कुरकुर. तीही आतच बसलेली असायची. शब्द ऐकू यायचे नाहीत, नुसतं हूंहूं हूंहूं, मग बाबांचं 'बरं बरं', मग परत वाजवणं. एका माणसाला शांतपणे काम करू द्यायचं नाही म्हणजे काय! त्या कुरकुरीतही बाबा गाणं बसवायचे, यातच त्यांचं मोठेपण आलं. वारा कसला दाखवतो हा दिग्दर्शक?

२० जानेवारी

हिरोला आजपासून धडे. देखणा आहे, नम्र आहे आणि त्याच्या डाव्या हाताचा उजव्या हाताशी काही संबंध नाही. मी म्हटलं, आधी भाता ओढायला शिक. तो म्हणाला, मॅम, मी डोळे छान मिटतो.

दुपारी घरी शिकवणी. मुलगी सोपा धडा वाजवत होती आणि आई स्वयंपाकघरातून 'चुकलं!' म्हणून ओरडली. समोर कागद नाही, शिकलेली नाही, ओट्याशी उभी राहून निकाल देते. पोरगी रडकुंडीला आली. मी आत जाऊन आईला चांगलं सुनावलं की शिकवणी चालू असताना मध्ये बोलायचं नाही.

त्या मुलीचं चुकलेलं होतं, ती गोष्ट वेगळी.

२८ जानेवारी

ड्रमवाल्या काकांकडे गेले होते. बाबांच्या बँडमधले तेवढेच उरले आहेत. मला साक्षीदार हवा होता, की बाबा एकदा ऐकून वाजवत नव्हते, घाम गाळायचे. काकांच्या हातांना आता कंप आहे, पण जीभ तशीच.

"एकदा ऐकून? कुणी सांगितलं? अगं, ते एकपाठी नाव मीच पाडलं होतं, हॉटेलच्या मालकावर छाप पडावी म्हणून!" असं म्हणून ते इतके हसले की काकू आतून बघायला आल्या. मग म्हणाले, "वहिनी कशा आहेत? वहिनींना घेऊन ये गं एकदा. नव्या गाण्याच्या आठवड्यात वहिनींना ताप आला की आमचे धाबे दणाणायचे. मग त्या रविवारी जुनीच गाणी."

मला भरून आलं. आईला जरा ताप आला की बाबांचं वाजवण्यात लक्ष लागत नसे! सिनेमात हे कुणी दाखवणार नाही. आणि एवढं प्रेम ज्या बाईवर केलं, तिने उभ्या जन्मात बाबांच्या वाजवण्याचं एकदा तोंडभर कौतुक केलं नाही. 'बरं झालं' यापलीकडे तिची मजल गेली नाही.

२ फेब्रुवारी

दादाचा फोन. त्याला सिनेमाचं सांगितलं तर त्याला हसूच आवरेना.

"आपल्या घरावर सिनेमा! अगं, आपण कुठला सिनेमा शेवटपर्यंत पाहिलाय का? तो खुनाचा होता बघ, त्यात खुनी कोण निघाला हे मला लग्नानंतर बायकोने सांगितलं."

खरंच आहे. आम्ही चौघं दुपारच्या खेळाला जायचो आणि दोन गाणी झाली की आई उठायची. मग काहीही चालू असो, हिरो कड्यावर लोंबकळत असो. आई उठली की बाबा उठणार, की आम्ही रडत मागे. आणि परत येताना आईच्या तोंडाला कुलूप. ओठ घट्ट मिटलेले, नजर समोर, चाल भराभर. काही विचारायला गेलं की बाबा दटावायचे, "आईशी बोलायचं नाही आत्ता." एकदा मी रस्त्यात पडले, गुडघा फुटला, तरी ती थांबली नाही. बाबांनी मला उचललं. एखाद्या बाईला सिनेमाचा एवढा राग असावा! बरं, मग यायचंच कशाला? तर नाही, तोच सिनेमा दुसऱ्या दिवशी परत पाहायला तीच आधी तयार.

हे सगळं दादाला हसत हसत सांगितलं, पण फोन ठेवल्यावर डोक्यात तिडीक गेली. त्या गुडघ्यावर अजून खूण आहे.

१७ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायलाही लाज वाटते.

दिग्दर्शक 'खऱ्या आजींना' भेटायचं म्हणून मागे लागला होता. आईला सेटवर नेलं. सेट म्हणजे आमची जुनी खोली, नको इतकी मोठी केलेली. आई भिंतींना हात लावून बघत होती. सगळे खुर्च्या घेऊन तिच्याभोवती बसले. दिग्दर्शकाने अगदी गुडघ्यावर बसून विचारलं, "आजी, आजोबा एकदाच ऐकून वाजवायचे ना?"

"एकदा?" आई म्हणाली. "दहादा सांगावं लागायचं."

सगळे हसले. मी डोळ्यांनी खुणावलं. पण आई सुटलीच.

"कान जाडच होता त्यांचा. बोटं मात्र छान. बोटांसारखी बोटं नाही पाहिली मी कुणाची."

तो हिरो तर खुर्चीवरून पडायचा बाकी होता. दिग्दर्शकाने लेखकाला सांगितलं, "बायको विनोदी करू या." गेलेल्या नवऱ्याचा हा पाणउतारा, तोही चाळीस माणसांसमोर! संसारातली सगळी भांडणं तिथे ओकायची होती का? टॅक्सीत मी तिला म्हटलं, "बाबांच्या जिवावर मान मिळाला आज, आणि तू त्यांचाच कान कापलास." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्याने विचारलं, मी सांगितलं."

बोलणार नाहीये मी तिच्याशी.

२१ फेब्रुवारी

अजून बोलत नाही. ती पण बोलत नाही. आज शिकवणी चालू असताना आतून 'चुकलं' आलं नाही. मुलगी वाजवून झाल्यावर दाराकडे बघत राहिली.

५ मार्च

जिंकले! निदान अर्धी तरी.

मुख्य प्रसंगावरून दिग्दर्शकाशी कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, "तुम्ही हे असं दाखवलंत तर माझं नाव काढून टाका. चार पिढ्या पोरं डोळे मिटून बसतील, गाणं आभाळातून पडेल म्हणून. आणि नाही पडलं की म्हणतील, आपल्याला कानच नाही. माझं तेच झालं." शेवटचं वाक्य कसं निघून गेलं कळलं नाही.

दिग्दर्शकाने हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाला, "ठीक आहे. ते दार लावून काय करायचे ते सांगा. जसं सांगाल तसं घेतो. चुकांसकट."

मी सांगितलं. चार सूर, थांबणं, परत चार सूर, अंतऱ्याशी अडणं. त्याने खरंच लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "बायको कुठे असते तेव्हा?"

खरं सांगायचं तर ती कुरकुर सांगावी लागणार. आधीच त्यांनी तिला विनोदी करून ठेवलं आहे, आता कजाग करतील. सिनेमा सगळं गाव बघणार. म्हणून म्हटलं, "ती चहाची कपबशी घेऊन येते. बाजूला ठेवते. आणि कौतुकाने बघत उभी राहते. बोलत काही नाही."

"सुंदर," दिग्दर्शक म्हणाला. "गप्प बायको. फार सुंदर."

आईवर एवढा राग असून तिची अब्रू मी राखली. तिने माझे आभार मानायला हवेत, पण तिला सांगणार कोण?

१९ मार्च

प्रसंग चित्रित झाला. हिरोने भाता ओढला! चुकला, थांबला, परत वाजवलं. गाणं आणि आवाज नंतर भरणार आहेत, पण मी शिकवलेल्या धड्यावर बोटं वर जायची तिथे वर गेली. बायकोचं काम करणारी मुलगी कपबशी घेऊन उभी राहिली. तिचे डोळे फार बोलके आहेत. मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं बाबांच्या आठवणीने.

आईशी बोलले आज. भाजी काय करायची एवढंच.

९ ऑक्टोबर

सिनेमा उद्या लागतो आहे. दिग्दर्शकाने पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. आई नाही म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "गाणी कशी आहेत?" मी म्हटलं, मला माहीत नाही, गाणी नंतर केली त्यांनी. ती म्हणाली, "मग जाऊ या."

मी बजावलं आहे की शेवटपर्यंत बसायचं. या वेळी तरी.

१० ऑक्टोबर

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

दुपारचा खेळ. थिएटर भरलेलं. हिरो, दिग्दर्शक, पेपरवाले, सगळे मागच्या दोन रांगांत. सुरुवातीला एक गाणं आलं, चांगलं होतं. मग हॉटेल, मग भांडणं, मग तो प्रसंग. दार लावलेलं. चार सूर. थांबणं. मला हुंदका आला. आणि तेवढ्यात काय केलं असेल त्यांनी? तिसऱ्या वेळेला तो चुकला आणि खिडकीतून वारा आला. पडदा उडाला. त्याने डोळे मिटले आणि पूर्ण गाणं धाडकन वाजवलं. बायको कपबशी घेऊन उभी. डोळे भरलेले. लोकांनी टाळ्या पिटल्या.

मी रागाने नुसती पेटले होते. मागे वळून दिग्दर्शकाला शोधत होते. आणि शेजारची खुर्ची वाजली. आई उठली होती.

"बस!" मी दबक्या आवाजात म्हटलं. तिने ऐकलं नाही. मी हात धरला, तिने सोडवून घेतला आणि सगळ्यांच्या गुडघ्यांवरून बाहेर पडली. पेपरवाले बघत होते. मला मागे जावंच लागलं, लहानपणासारखं, फक्त रडायची बाकी होते.

बाहेर आल्यावर मी तोंड सोडलं. टॅक्सीत बसेपर्यंत बोलतच होते. या वयात तरी माणसाने मन मोठं करावं, बाबांचं एवढं नाव झालं ते बघवत नाही का, तेव्हाही आमचे सिनेमे अर्धे तोडलेस आणि आजही. आई ओठ घट्ट मिटून समोर बघत होती. तेच तोंड. गुडघा फुटला तेव्हाचं. मी आणखी चिडले. तिने तळहात वर केला आणि म्हणाली, "गप्प. सांडेल."

काय सांडेल? तिच्या हातात पर्ससुद्धा नव्हती.

घरी आल्यावर चपला न काढता ती पियानोजवळच्या खुर्चीत बसली आणि झाकणाकडे बोट दाखवलं. मी उघडलं. का उघडलं माहीत नाही. ती गुणगुणायला लागली. सिनेमातलं ते गाणं. या शहरात आज दुपारी पहिल्यांदा वाजलेलं गाणं, जे मी शेजारी बसून ऐकलं होतं आणि ज्याची एक ओळ मला सांगता आली नसती.

"धर," ती म्हणाली.

मी एक सूर दाबला.

"खाली."

दुसरा दाबला.

"आणखी खाली. हां. आता हूंहूं, हूंहूं. नाही, तो नाही, मधला काळा. हां. शेवटचा जरा ओढ."

हूंहूं हूंहूं. दाराबाहेर फरशीवर बसून ऐकलेलं तेच. मी उठून तिच्याकडे बघत राहिले. ती वैतागली. "बघतेस काय? दुसरं पण धरलंय मी, सुरुवातीचं. दोनच राहतात माझ्या डोक्यात. आटप लवकर."

मुखडा झाला. कागदाशिवाय वाजवलेला माझ्या आयुष्यातला पहिला मुखडा.

मग मला जो राग आला तो कुणावर, हे अजून कळत नाही. मी विचारलं, "बाबांनी कधी सांगितलं का नाही कुणाला?"

"बँडवाल्यांना ठाऊक होतं. मालकाला सांगितलं असतं की हा बायकोकडून गाणं घेतो, तर ठेवलं असतं का त्याने?"

"आणि तुला राग नाही आला? एकपाठी, एकपाठी म्हणायचे सगळे त्यांना!"

"आला तर. पण राग आला की गाणं सांडतं. म्हणून मी मनाशी म्हणायचे, नंतर रागवू. नंतर स्वयंपाक असायचा." तिने चपला काढल्या आणि पायाने खुर्चीखाली सारल्या. "आज मात्र आलाय. त्याने डोळे मिटले, ते असू दे. पण ती बाई. तिच्या हातात कपबशी कुणी दिली गं? त्या खोलीत मी कधी चहा नेला होता? एकदा तोंड उघडलं नाही तिने. मग त्याला गाणं कळलं कसं?"

मी म्हटलं, "पुढची ओळ म्हण."

"आधी सांग."

मी सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं आता ही उठून आत जाईल आणि पुन्हा कधी बोलणार नाही. तिचे ओठ मिटलेले होते. मग तिने अंतरा म्हटला. दुसऱ्या ओळीला मी चुकले.

"चुकलं!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारचं दार उघडलं.

परत म्हटला. परत चुकले. तिला दहादा सांगावं लागलं.